केसाळ मांजर : हौस, भीती आणि आरोग्य

पूर्वी आपल्याकडे मांजर विकत आणावे लागत नसे. ते आपणहून यायचे. माळ्यावर नाहीतर धान्याच्या कोठीमागे मांजरी व्यायची, चार पिलांतले एखादे घरात रेंगाळायचे, आजी त्याच्यापुढे दुधाची वाटी सरकवायची आणि ते घरचे होऊन जायचे. उंदीर मारणे हे त्याचे काम आणि उरलेसुरले अन्न हा त्याचा पगार. त्याला कोणी विंचरत नसे, दवाखान्यात नेत नसे. आता मात्र तालुक्याच्या गावातही सोफ्यावर पांढरेशुभ्र, चपट्या नाकाचे, झुपकेदार शेपटीचे मांजर ऐटीत बसलेले दिसते. ते पुण्या-मुंबईहून टोपलीतून आलेले असते. त्याला नाव असते, त्याचा वाढदिवस असतो आणि त्याच्यासाठी मोजलेली किंमत शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडपाठ असते.

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांचे औषधोपचार हा माझा विषय नव्हे. तरीही गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात या मांजरांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. कोणाच्या नातवाच्या मानेवर गजकर्ण उठलेले असते, कोणाच्या हातावर ओरखडा असतो, कोणाच्या सुनेला दिवस गेलेले असतात आणि सासूबाईंनी ‘मांजर घराबाहेर काढा’ असा हुकूम सोडलेला असतो. अशा घरांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला मांजराचा प्रत्येक केस विषारी वाटतो, तर दुसऱ्याला आपल्या लाडक्याकडून काही अपाय होऊ शकेल हे ऐकूनही घ्यायचे नसते. माझ्या मते दोन्ही तट चुकतात, आणि त्या चुकीची किंमत बहुधा घरातले लहान मूल, गर्भवती स्त्री किंवा ते मुके जनावर मोजते. म्हणून आजचा हा लेख.

ही मांजरे मूळची कोठली?

आपल्याकडे सर्वाधिक दिसते ते पर्शियन मांजर. नावाप्रमाणे त्याचे मूळ इराणकडे सांगितले जाते. पिएत्रो देला व्हाले नावाचा एक इटालियन प्रवासी सतराव्या शतकात इराणात राहिला होता. तेथील लांब, रेशमी केसांची मांजरे पाहून त्याने 1620 च्या सुमारास आपल्या पत्रांतून त्यांचे वर्णन केले आणि ती इटलीला नेण्याचा बेत आखला. हाच गृहस्थ पुढे 1623 मध्ये सुरतेस उतरला आणि गोव्यातही येऊन राहिला. आज आपण पाहतो ते अगदी बसक्या नाकाचे पर्शियन मात्र युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेले आहे.

दुसरी जात मेन कून. ही अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन या राज्यातली. तिथला हिवाळा बर्फाचा. त्यामुळे या मांजराचे केस दाट, पाणी सहज आत न शिरू देणारे, पंजांत बोटांच्या मध्येही केसांचे झुबके आणि शेपूट अंगाभोवती गुंडाळून घेता येईल एवढी मोठी. आपले गावठी मांजर तीन-चार किलोंचे असते. मेन कूनचा पूर्ण वाढलेला बोका सात-आठ किलोंचा सहज होतो, काही त्याहूनही वजनदार असतात. त्याची वाढ पुरी व्हायला तीन ते पाच वर्षे लागतात. 1895 साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या मांजरांच्या प्रदर्शनात याच जातीच्या मांजराने पहिला मान पटकावला होता, आणि 1985 मध्ये मेन राज्याने त्याला आपले राज्य-मांजर ठरवले. स्वभावाने ही जात शांत, माणसाळलेली. मोठ्या शहरांत तिची आता बरीच चलती आहे आणि आपल्या जिल्ह्यातही तिची पावले उमटू लागली आहेत.

हे सांगण्याचे कारण एवढेच की ही मांजरे आपल्या हवेसाठी घडलेली नाहीत. खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. अशा हवेत घोंगडी पांघरून जन्माला आलेला प्राणी आणायचा तर त्याची जबाबदारीही तितकीच मोठी, हे आणणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट रेबीजची

मांजर किती मोठे, किती महाग, याच्याशी रेबीजला देणेघेणे नाही. आपल्याकडे हा रोग मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो हे खरे, पण मांजरालाही तो होतो आणि मांजराच्या चाव्यातून तो माणसाला होऊ शकतो. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ हमखास दगावतो. आणि वेळेवर नीट उपचार केले तर हाच रोग जवळजवळ हमखास टळतो. इतका टोकाचा फरक फार थोड्या रोगांत आहे.

तरीही ‘घरचेच मांजर आहे, खेळताना नख लागले’ असे म्हणून लोक गप्प बसतात. एक गृहस्थ मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पंचवीस हजारांचे मांजर आहे, त्याला कसला रोग?” मी त्यांना विचारले, त्याला रेबीजची लस कधी टोचली? त्यांना आठवेना. घरी जाऊन त्यांनी पुस्तिका शोधली तर तीत त्या रकान्यापुढे जागा कोरीच होती. असे मांजर गच्चीवर जाते, रात्री खिडकीतून बाहेर पडते, बाहेरच्या बोक्याशी भांडते. तेव्हा त्याची किंमत त्याचे रक्षण करीत नाही.

नियम सोपे आहेत. पिलू साधारण तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आले, दात आत रुतले, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचे इंजेक्शनही लागते. घरचे मांजर लस टोचलेले असले तरी निर्णय डॉक्टरांनी करावा, आपण नव्हे. मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्यासाठी उपचार लांबवू नयेत. दहा दिवसांनंतरही मांजर ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून जुन्या मंडळींच्या मनात आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा इंजेक्शन घ्यावे लागते आणि सरकारी रुग्णालयात ते विनामूल्य मिळते.

मांजराच्या चाव्याविषयी आणखी एक सांगतो. कुत्र्याचा चावा दिसायला भयंकर, मांजराचा दिसायला किरकोळ. पण मांजराचे दात सुईसारखे असतात. वर टाचणीएवढे छिद्र आणि आत खोलवर रुतलेले जंतू असा तो प्रकार असतो. त्यामुळे मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा अधिक वेळा पिकतो, आणि हाताच्या बोटाला चावा असेल तर एका दिवसात बोट सुजून लाल होते. मधुमेही माणसाने तर तासाचीही वाट पाहू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचीही चौकशी करावी.

सुनेला दिवस गेले, मांजराचे काय?

हा प्रश्न घराघरात भांडणे लावतो. यामागे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. तो शास्त्रज्ञांना 1908 पासून ठाऊक आहे. गर्भारपणात त्याचा नव्याने संसर्ग झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण ती नेमकी कशाची बाळगायची हे समजून घ्यायला हवे.

हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, केसांतून किंवा श्वासातून नव्हे. तोही मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच बाहेर पडतो. शिवाय ताज्या विष्ठेतला परजीवी लगेच बाधत नाही, त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणूनच वाळूचा ट्रे रोज साफ केला तर धोका पुष्कळ कमी होतो. जे मांजर घराबाहेर पडत नाही, उंदीर-पक्षी खात नाही, ज्याला शिजवलेले किंवा तयार खाद्य मिळते त्याला हा संसर्ग होण्याचा संभवच थोडा. उलट अर्धेकच्चे मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून तो माणसाला सहज होऊ शकतो. ज्या घरात सुनेला मांजराजवळ बसू देत नाहीत त्याच घरात ती रोज मेथी-कोथिंबीर निवडते आणि कुंड्यांतली माती उकरते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

माझे स्पष्ट मत असे : गर्भवती स्त्रीने वाळूचा ट्रे साफ करू नये. ते काम नवऱ्याने करावे, सासऱ्यांनी करावे, दिराने करावे. घरात दुसरे कोणीच नसेल तर तिने हातमोजे घालून, रोजच्या रोज, नंतर साबणाने हात धुऊन करावे. भाज्या नीट धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावे, माती हाताळताना हातमोजे वापरावेत. एवढे केल्यावर मांजर घराबाहेर काढण्याचे कारण उरत नाही. रक्ततपासणीत जुन्या संसर्गाची खूण सापडली म्हणजे बाळाला धोका आहे असेही नव्हे. त्या अहवालाचा अर्थ आपल्या प्रसूतितज्ज्ञाकडून समजून घ्यावा, शेजारणीकडून नव्हे.

मांजराचा केस पोटात गेला की अमुक रोग होतो, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गिळलेला एखादा केस पोटातून निमूटपणे बाहेर पडतो. खरी काळजी करायची ती पोटाची नव्हे, श्वासाची.

दमेकरी मूल आणि मांजर

मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तेलकट स्रावात एक प्रथिन असते. मांजर स्वतःला चाटते तेव्हा ते केसांना लागते, वाळते आणि त्याचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. काही लोकांना याचीच ॲलर्जी असते. शिंका, डोळ्यांना खाज, नाक गळणे आणि काहींना दम लागणे ही तिची लक्षणे. केस लांब म्हणून ॲलर्जी जास्त आणि केस आखूड म्हणून ती नाही, असे नसते. ‘या जातीची ॲलर्जी होत नाही साहेब’ असे सांगून कोणी मांजर विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. अशी पूर्ण निर्धोक जात नाही.

ज्यांच्या घरी दम्याचे मूल आहे त्यांनी मांजर आणण्याआधीच विचार करावा. ज्यांच्याकडे असे मांजर आहे त्यांच्या घरी मुलाला तीन-चार वेळा तास-दोन तास घेऊन जावे आणि काय होते ते पाहावे. त्रास झाला तर विषय तिथेच संपवावा.

मांजर आधीच घरात असेल तर तपासणी करून ॲलर्जी मांजराचीच आहे ना, हे पक्के करून घ्यावे. कित्येकदा दोष गादीतल्या धुळीचा किंवा भिंतीवरच्या ओल-बुरशीचा असतो आणि शिक्षा मांजराला होते. ॲलर्जी सौम्य असेल तर मांजराला झोपायच्या खोलीत बंदी, जाड गालिचे काढून टाकणे, फरशी ओल्या फडक्याने पुसणे, मांजराला हात लावल्यावर हात धुणे, आणि डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर न चुकता घेणे, एवढ्यावर पुष्कळ घरांचे निभावते. इन्हेलरची सवय लागते ही समजूत मनातून काढून टाकावी.

पण दमा वारंवार उसळत असेल आणि मांजराची ॲलर्जी सिद्ध झाली असेल, तर मी आईवडिलांना स्पष्टच सांगतो की मांजरासाठी दुसरे चांगले घर शोधा. हा सल्ला देताना मला वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा त्या मांजराचा सर्वांत मोठा लळा त्याच मुलाला असतो. तरीही मुलाची फुप्फुसे आधी. आणि लक्षात ठेवा, मांजर गेल्यावरही ते कण घरात कित्येक महिने राहतात. ‘पंधरा दिवस झाले तरी फरक नाही’ म्हणून निराश होऊ नये आणि औषधे बंद करू नयेत.

गजकर्ण आणि मलमांचा घोळ

लांब केसांच्या मांजरांत, विशेषतः पर्शियनमध्ये, गजकर्णाची बुरशी बऱ्याचदा आढळते. गंमत अशी की मांजराच्या अंगावर काहीच दिसत नसतानाही ते बुरशी वागवीत असू शकते. घरातल्या मुलाच्या गालावर, मानेवर, हातावर गोल लाल चट्टा उठला की तिचा पत्ता लागतो. तेव्हा लोक काय करतात? औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतात. दोन दिवसांत खाज थांबते, आठ दिवसांत चट्टा पसरतो. अशा मलमांमुळे साधे गजकर्ण आपल्या देशात आज चिवट दुखणे होऊन बसले आहे. चट्टा डॉक्टरला दाखवा आणि त्याच आठवड्यात मांजरही पशुवैद्याला दाखवा. दोघांचे उपचार बरोबर झाले नाहीत तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. बुरशीचे बीज गाद्या-चादरींवर, फणीत, टोपलीत कित्येक महिने टिकते, म्हणून तीही स्वच्छ करायला हवीत.

उन्हाळा, जटा आणि फणी

आता थोडे मांजराच्या बाजूने. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. चाटून अंग ओले करणे, गार फरशीवर पसरणे हेच त्याचे उपाय. कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचे, पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर तो धोक्याचा इशारा समजावा. पर्शियनचे नाक बसके, श्वासाची वाट आधीच अरुंद, त्यामुळे त्याला उष्माघात लवकर गाठतो. दुपारी घराला कुलूप लावून, खिडक्या बंद करून, मांजराला आत ठेवून लग्नाला जाणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात नुसत्या कूलरच्या भरवशावर राहू नये. मोरीसारखी गार, हवेशीर जागा त्याला मोकळी असावी आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. मांजर निपचित पडले तर साध्या गार पाण्याने अंग ओले करून पंख्याखाली ठेवावे आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे. बर्फाचे पाणी ओतू नये.

‘उन्हाळा आहे, सगळे केसच काढून टाकू’ असे कित्येकांना वाटते. घरी वस्तरा किंवा कात्री चालवू नये. मांजराची कातडी पातळ असते, हाताबरोबर ती वर उचलली जाते आणि कापली जाते. केस उन्हापासून काही रक्षणही करतात. काढायचेच तर पशुवैद्याच्या सल्ल्याने. खरा उपाय रोज विंचरणे हा आहे. पर्शियनला रोज, मेन कूनला निदान आठवड्यातून दोन-तीनदा. चार दिवस आळस केला की काखेत, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी जटा होतात, त्याखाली कातडी ओली राहून सडते, पिसवा घर करतात. सुटलेले केस मांजर गिळते आणि पोटात त्यांचा गोळा होतो. अधूनमधून एखादा ओकून काढणे हे चालायचेच, पण वारंवार उलट्या, खाणे बंद आणि शौच बंद असे झाले तर थांबू नये.

दूधपोळीवर वाघाची मावशी

आपल्या गावात शाकाहारी घरे पुष्कळ. त्यांच्या आचाराविषयी मला आदर आहे. पण मांजर हा केवळ मांसाहारी प्राणी आहे, त्याची शरीररचनाच तशी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो, तो त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो न मिळाल्यास मांजर आंधळे होते, त्याचे हृदय फुगते. 1987 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हा हृदयाचा संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दूधपोळीवर वाढलेले गावठी मांजर तगते, कारण ते बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून आपली गरज भागवते. चार भिंतींतल्या पर्शियनला ती सोय नाही. ज्यांना घरात मांसजन्य खाद्याचा डबाही ठेवणे शक्य नाही, त्यांनी मांजर पाळू नये. यात कमीपणा नाही. आणि दूधही मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात.

कच्चे चिकनही नको. 2025 च्या आरंभी शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता. मांस शिजवूनच द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला बाधतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

घरातली वडीलधारी माणसे

मांजराच्या सहवासाचा सर्वांत चांगला परिणाम मला कोठे दिसत असेल तर तो एकट्या वृद्धांत. मुले परगावी, जोडीदार गेलेला, अशा घरात कोणीतरी आपली वाट पाहते आहे, आपण उठून त्याला खायला घालायचे आहे, ही भावना औषधाच्या बाटलीत भरून देता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी म्हणतात, “ते माझ्याशी बोलत नाही, पण माझं ऐकून घेतं.” मेन कूनसारखे शांत मांजर मांडीवर न बसता शेजारी बसून राहते आणि वृद्धांना ते बरे वाटते.

पण सात-आठ किलोंचे जनावर पहाटे पायात घुटमळले तर माणूस पडतो, आणि सत्तरीत खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय ते मी वेगळे सांगायला नको. रात्री मार्गात छोटा दिवा असावा, काठी हाताशी असावी, आणि शक्य तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी. उंदरांना जे जमले नाही ते आपल्याला जमते. मधुमेहींनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, केमोथेरपी चाललेल्यांनी मांजराची नखे वेळच्या वेळी कापून घ्यावीत, वाळूच्या ट्रेपासून दूर राहावे आणि मांजर घरात असल्याचे आपल्या डॉक्टरला सांगून ठेवावे.

आणण्यापूर्वी, आणि टाकून देण्यापूर्वी

माझा या मांजरांना विरोध नाही. विरोध आहे तो ती फर्निचरसारखी आणण्याला. दिवाळीत हौसेने आणायचे आणि मे महिन्यात केसांचा कंटाळा आला की रात्री स्कूटरवरून नेऊन बाजार समितीच्या आवारात सोडायचे, असे प्रकार माझ्या कानावर आहेत. गावठी मांजर तेथे तग धरेल. पर्शियनला शिकार येत नाही, पळता येत नाही, महिन्याभरात त्याच्या जटा होतात. पाळीव जनावर उपासमार होईल अशा रीतीने टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधी हा प्रश्न घरात काय शिकवले जाते याचा आहे. गैरसोय झाली की जिवाला बाहेर सोडता येते, हे आपण ज्या मुलांना दाखवतो तीच पुढे आपलीही काळजी घेणार असतात.

म्हणून मांजर आणायचे ठरण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात. रोज विंचरणार कोण आणि ट्रे काढणार कोण? त्याची उत्तरे ‘आई करेल’ अशी येत असतील तर आईला विचारावे. दरमहा खाद्य, वाळू, लस यांवर होणारा काही हजारांचा खर्च दहा-पंधरा वर्षे झेपेल का? उन्हाळ्यात, लग्नसराईत, गावी जाताना त्याची सोय काय? आणि आपल्या गावात मांजरांचे उपचार करणारे पशुवैद्य आहेत का? बऱ्याच ठिकाणी गुरांचा दवाखाना आहे, तेथील डॉक्टर कष्टाळू आहेत, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करून ठेवावी.

विक्रेत्याकडे पिलाच्या आईबापांविषयीही विचारावे. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याचे फुगे होण्याचा आणि मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा रोग आनुवंशिक आहे. त्यांतल्या सदोष जनुकांच्या चाचण्या निघून वीस वर्षे झाली. त्यांचा कागद दाखवता येत नाही आणि आठवड्याभरात पिलू नेण्याची घाई केली जाते, तेथून रिकाम्या हाताने परत यावे. पिलू निदान बारा आठवड्यांचे असावे. आणि वयात आल्यावर त्याची नसबंदी करून घ्यावी. बोका मग घरभर मुतत नाही, रात्री पळत नाही, भांडत नाही, म्हणजेच आपल्याला रेबीजचा धोकाही कमी होतो.

या सगळ्यांची उत्तरे मिळाली तर मांजर अवश्य आणा. मिळाली नाहीत तर गल्लीतल्या एखाद्या गावठी पिलाचा विचार करा. त्याचे केस आखूड, काटक प्रकृती, आपली हवा त्याच्या सवयीची. लस, नसबंदी आणि पोटभर खाणे एवढेच ते मागते. सोफ्यावर ते पर्शियनइतके शोभिवंत दिसणार नाही, पण संध्याकाळी तुमच्या पायाशी येऊन बसेल ते तितक्याच मायेने.